पूर्ण फेरी

१

मी चिडकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई रागाच्या भरात काहीही बरळते. राग आमच्या घरात बाबांकडून आला, त्यांच्या नाकाबरोबर. दादाला आला, मला आला, आणि दादाच्या नऊ वर्षांच्या मुलीलाही आला. तिचं नाव बाबांनी लवंगी ठेवलं ते उगीच नाही. चिडलं की आमच्या चौघांच्याही नाकाचा शेंडा आधी लाल होतो आणि तोंड मग उघडतं. आई आणि वहिनी बाहेरून आलेल्या. त्यांची नाकं शांत.

हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे दहा दिवस तळ्याकाठच्या त्याच एका भाड्याच्या घरात राहतो. पायरीशी बुटांची रांग, दारामागे कुत्र्यांचे पट्टे, मधल्या खोलीत लोखंडी शेगडी आणि तिच्याभोवती वाळत घातलेले सगळ्यांचे मोजे. सकाळी तळ्याच्या काठाला बर्फाचा पापुद्रा धरतो. भोंगा, आमचा म्हातारा थोराड कुत्रा, त्यावर पाय ठेवून बघतो, आणि पापुद्रा फुटला की आमच्याकडे असं पाहतो, जणू काही आम्हीच फोडला. गोटी त्याच्या पावपट आहे आणि चौपट भुंकते. दिवसभर उतारावर घसरगाडी, दुपारी गरम सूप, संध्याकाळी पत्ते. पत्त्यांत भांडणं. मला ते दिवस जीव की प्राण होते, भांडणांसकट.

आईचा तिथे एकच नियम. घरात आवाज चढवायचा नाही. ज्याचा चढेल त्याने कोट घालायचा, बूट चढवायचे, एक कुत्रा घ्यायचा आणि तळ्याभोवती फेरी मारून यायचं. तळं उजव्या हाताला ठेवून, पूर्ण. अर्ध्यातून परतलेल्याचा राग अर्धाच गेलेला असतो, असं तिचं म्हणणं. दोघं भांडत असले तर ज्याचा आवाज मोठा त्याने जायचं. पूर्ण फेरीला चाळीस मिनिटं लागतात. आमच्या लहानपणापासून आम्ही त्या तळ्याभोवती इतक्या फेऱ्या मारल्यात की पायवाट आमच्याच रागाने पडली असावी.

२

यंदा तिसऱ्या दिवशी सकाळी दादाने घसरगाडी फोडली.

बाबा सुतार. आता काम सोडलंय, पण नातीसाठी त्यांनी स्वतः रंधा मारून गाडी केली होती. पट्टी सैल झाली म्हणून दादाने ती दुरुस्त करायला घेतली आणि स्क्रूच्या जागी चार इंची खिळा ठोकला. फळी उभी चिरली. लवंगीने भोकाड पसरलं. मी चमचा खाली ठेवला आणि बाबांकडे पाहिलं. लाकडात चुकीचा खिळा ठोकणाऱ्याला बाबांनी एकदा हातोडा फेकून मारला होता, आणि तो त्यांचा सख्खा भाऊ होता.

बाबा फळीकडे बघत राहिले. मग हसले. "असू दे," म्हणाले.

दादाचं नाक लाल झालं. तो बस चालवतो. भर रस्त्यात पुढच्याला ऐकू जाईल असा त्याचा आवाज आहे.

"मुद्दाम केलं मी! मुद्दाम फोडली फळी! बघितलंस आई? बघितलंत का सगळ्यांनी? एक वर्ष झालं, हा माणूस 'असू दे'च्या पलीकडे एक अक्षर बोलत नाही. गेल्या सुट्टीपासून. ह्यांना डॉक्टरकडे न्या म्हणून मी ओरडून ओरडून थकलो!"

"ते शांत झालेत," आई म्हणाली. "वय झालं की माणूस शांत होतो."

"बाबा शांत होत नाहीत! बाबा जळताना सरणावरून शिव्या देतील असे आहेत!"

"दादा," आईने खिडकीकडे बोट केलं. "आवाज. जा, फेरी मारून ये."

खरं सांगायचं तर मला दादाचाच राग आला होता. वर्षभर बाबा मला एकदाही बोलले नव्हते, लग्नावरून नाही, कामावरून नाही, आणि मला ते आवडलं होतं. हा मेला सुखाने जगू देत नाही, असं मी मनात म्हटलं. दादा दार आपटून गेला. बरोबर भोंगा.

३

पंचविसाव्या मिनिटाला भोंगा एकटाच आला. पट्टा मागे फरफटत होता आणि पाठीपर्यंत भिजला होता. कुणाकडे न बघता तो सरळ माझ्या पलंगाखाली गेला. दादा कुठेतरी घसरून पडला असणार, ह्या माणसाला चालताही येत नाही, असं पुटपुटत मी कोट घातला. तेवढ्यात दार उघडलं. बरोबर चाळिसावं मिनिट होतं.

"चुकलं माझं," दादा म्हणाला.

त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला. मग लेकीसमोर गुडघ्यांवर बसला आणि फळीला सरस लावायला घेतला. वहिनीने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, म्हणजे बघ, तळ्याची हवा मानवली. दुपारी त्याने भांडी घासली. संध्याकाळी पत्त्यांत सात डाव हरला आणि सातही वेळा हसला.

पट्टा वाळत टाकायला मी दाराशी वाकले तेव्हा बूट दिसले. दादा बूट काढत नाही, उडवतो. एक दारात, एक कुठल्या तरी कोपऱ्यात. आज ते भिंतीला टाच लावून शेजारी शेजारी ठेवले होते. नाड्या बांधलेल्या होत्या. दुहेरी गाठ, वरपर्यंत आवळलेली.

घोट्याच्या वर जाणारे बूट आहेत ते. नाडी सोडल्याशिवाय त्यातून पाय निघत नाही. मी आत मूठ घालून पाहिली. मूठसुद्धा शिरली नाही. चेन आहे का म्हणून बाजू चाचपल्या. नव्हती. काढल्यावर बांधल्या असतील, मी स्वतःला म्हटलं. कशाला, ते कळेना.

शेजारी बाबांचे बूट होते. त्यांच्याही नाड्या तशाच बांधलेल्या. वर्षभर मी आई-बाबांच्या घरी येत जात होते आणि एकदाही खाली बघितलं नव्हतं.

४

मी लिफ्टची तपासणी करते. इमारतीत जायचं, वर चढून दोर बघायचे, ब्रेक बघायचा, मग सही करायची. कुरकुरणाऱ्या लिफ्टची मला भीती वाटत नाही. ती सांगत असते तिला काय होतंय ते. जी अजिबात आवाज करत नाही, तिचा दोर मी दोनदा बघते.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी दादाला डिवचायचं ठरवलं. तो ताटल्या पुसत होता. मी सतरा वर्षांची असताना त्याने माझं एक पत्र चोरून बाबांसमोर मोठ्याने वाचलं होतं. पुढे काय झालं ते सांगत बसत नाही, पण त्यानंतर मला कुणी पत्र लिहिलं नाही. चोवीस वर्षं मी त्याच्याकडून एक 'चुकलं' ऐकायला थांबले होते, आणि चोवीस वर्षं तो म्हणत आला होता की तू मूर्ख होतीस म्हणून वाचलं.

"त्या पत्राचं काय?" मी म्हटलं.

"चुकलं माझं," दादा म्हणाला. ताटली पुसतच होता.

"कुठलं पत्र, आठवतं का?"

"जे असेल ते. असू दे."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. राग आला. आयुष्यभर ज्याच्यासाठी भांडले तो शब्द मला मिळाला होता आणि तो देणाऱ्याला कशाबद्दल ते माहीत नव्हतं. मी त्याच्या हातातली ताटली हिसकावून घेतली. तो हसला आणि दुसरी घेतली.

भोंगा पलंगाखालून बाहेर यायचा तो फक्त माझ्या आणि लवंगीच्या हातून खायला. गोटी दादा आला की खोलीबाहेर जायची. भुंकायची नाही. चौपट भुंकणारी गोटी दोन दिवस गप्प होती, आणि वहिनी म्हणाली, "बघ, कुत्रीसुद्धा शहाणी झाली."

लवंगी रात्री माझ्या पांघरुणात शिरली. "आत्या, बाबा खोटं खोटं चांगले वागतायत का?"

"झोप," मी म्हटलं. तिच्यावर खेकसले, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

५

पाचव्या दिवशी सकाळी धुकं होतं. बाबा आणि दादा टेबलापाशी बसून बटाटे सोलत होते. मी भोंग्याला घेतलं आणि बाहेर पडले. भांडण झालं नव्हतं, पण आई म्हणाली, "अगदी पूर्ण मार हं."

तळ्याच्या समोरच्या काठावर, अर्ध्या फेरीवर, एक बंद पंपघर आहे. त्याच्या शंभरेक पावलं अलीकडे भोंगा थांबला. कान उभे केले. आणि मग शेपूट हलवायला लागला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

धुक्यातून ओल्या लाकडाच्या धुराचा वास आला. मग आवाज.

"अहो, ओलं आहे ते! पेटणार नाही!"

"तू मला लाकूड शिकवणार? तू? चार इंची खिळा ठोकणारा?"

"मग पेटवा ना! वर्षभर इथे बसून केलंत काय?"

"तोंड सांभाळून बोल, नाहीतर हाच ओंडका डोक्यात घालीन!"

बाबांचा आवाज मी वर्षाने ऐकला. तो खरखरीत, कानाखाली वाजवल्यासारखा आवाज. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी अंगावर काटा आला. पाण्यावरून आवाज लांबवर येतो, मी स्वतःला समजावलं. घरातून येत असेल. दोघं माझ्यामागून लाकडं आणायला निघाले असतील. पण निघताना मी त्यांना टेबलापाशी बसलेलं बघितलं होतं. आणि त्या घरात आता कुणी असं बोलत नव्हतं.

भोंगा पुढे ओढत होता. मी त्याला मागे ओढलं आणि आले त्याच वाटेने पळत सुटले.

घरात बाबा आणि दादा अजून बटाटे सोलत होते. दोघांच्याही सुरीखालून साल एकसंध, न तुटता उतरत होती.

६

आई स्वयंपाकघरात होती. सुपाची वाफ जावी म्हणून खिडकी उघडी होती, आणि त्या खिडकीतून, अगदी बारीक, दादा कुणाला तरी गाढव म्हणत होता.

"आई, ऐक."

"वारा आहे."

"दादा आहे तो!"

"दादा मधल्या खोलीत बसलाय. बटाटे सोलतोय." तिने खिडकी लावली, कडी घातली आणि हात पुसले. "पंचेचाळीस वर्षं मी ह्या घरातला आरडाओरडा ऐकला. एक पोर ओरडत जन्मलं, दुसरं ओरडत जन्मलं. किती छान चाललंय यंदा, बघ ना."

"तू त्यांचे बूट बघितलेस?"

ती माझ्याकडे वळली. तिला सगळं माहीत होतं का, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण तिने 'कसले बूट' असं विचारलं नाही.

"मी कुणाचे बूट बघत नाही," ती म्हणाली. "तूही बघू नकोस."

मी काही बोलणार एवढ्यात मधल्या खोलीत काहीतरी आदळलं. लवंगीने घसरगाडी भिंतीवर फेकली होती. दरवर्षी ती आणि दादा उतारावर शर्यत लावतात आणि दोघंही लबाडी करतात. आज दादाने गाडीवर बसायच्या आधीच सांगितलं होतं, तूच जिंकलीस.

"मला हे बाबा नकोत!" ती किंचाळत होती. नाक लालभडक. "माझे भांडणारे बाबा कुठे आहेत?"

बाबा हसत होते. दादा हसत होता. वहिनी म्हणाली, "लवंगी, असं बोलतात का?" आणि आई दारामागून छोटा लाल कोट काढून आली.

"आवाज चढला बाळा. जा, गोटीला घे आणि फेरी मारून ये. एवढंसं तर तळं आहे."

दादाने लेकीचे बूट आणून तिच्यासमोर ठेवले.

नियम तर नियम. ज्याचा आवाज मोठा त्याने जायचं. मी आत गेले, सुपाचं अख्खं पातेलं उचललं आणि मधल्या खोलीत जमिनीवर आपटलं. मग ओरडले. त्या पोरीपेक्षा मोठ्याने, दादापेक्षा मोठ्याने. चोवीस वर्षांचं सगळं ओरडले, पत्रापासून बटाट्यांपर्यंत, आणि आईलाही सोडलं नाही. थांबले तेव्हा घसा सोलला होता आणि सूप शेगडीखाली पसरलं होतं.

आईने लाल कोट परत खुंटीला लावला. माझा पिवळा काढून दिला.

बूट घालताना लवंगी माझ्याजवळ येऊन बसली. मी तिच्या कानात म्हटलं, "मी येईपर्यंत तोंडातून आवाज काढायचा नाही. काही झालं तरी फेरी मारायची नाही. आणि मी आले की आधी माझे बूट बघ. नाड्या सुटलेल्या असल्या तर मी."

"आणि बांधलेल्या असल्या तर?"

"तर तिच्याशी गोड बोल," मी म्हटलं.

७

लिफ्ट मजल्यांच्या मध्ये अडकली की आम्ही ती हाताने उलटी फिरवतो. तेवढंच मला सुचलं. मी तळं डाव्या हाताला ठेवून निघाले. उलट्या वाटेने जायचं, दोघांना बखोटीला धरायचं आणि अर्ध्यातून परत आणायचं. भोंगा पुढे धावत होता. धुकं विरायला लागलं होतं. माझ्या उजव्या बुटाची नाडी सुटून चिखलात लोळत होती आणि मी ती बांधली नाही.

पंपघरामागे धुराची रेघ दिसली. भोंगा भुंकत तिकडे गेला.

दोघं पाठमोरे बसले होते. एकाच्या गळ्यात गेल्या सुट्टीतला मफलर होता, त्याचा रंग उडालेला. मी हाक मारणार होते, पण त्यानेच मान वळवली, छातीवर आलेल्या दाढीसकट, आणि आधी माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघितलं. चिखलातली नाडी बघून त्याने श्वास सोडला.

"भडकू," बाबा म्हणाले. वर्षभरात मला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. मग लगेच त्यांचं नाक लाल झालं. "तुला कुणी सांगितलं होतं इकडे मरायला?"

"मूर्ख आहे ती," दादा म्हणाला. "आधीपासून."

मी दोघांनाही चला म्हटलं. दादाने नुसता हात उचलून वाट दाखवली. जायची आणि यायची. "तीन दिवस चालतोय. कुठूनही जा, इथेच येते." पाण्यातून, मी म्हटलं. त्याने पँट वर केली. गुडघ्यापर्यंत पाय काळेनिळे होते. "कुत्रा गेला. मला नाही जमलं."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. आले त्या वाटेने पळाले. पंधरा मिनिटं पळाले, आणि पुढे धूर दिसला, आणि बाबा म्हणाले, "झालं समाधान?"

तेव्हाच समोरच्या काठावर आमचं घर स्वच्छ दिसायला लागलं. शेवटच्या वळणावरून पिवळा कोट घातलेली एक बाई घराकडे चालली होती. कुत्रा बरोबर नव्हता. तिची चाल माझीच होती, फक्त तिला कसली घाई नव्हती. मी स्वतःकडे पाहिलं. माझा कोट माझ्या अंगावर होता. ती पायऱ्या चढली, वाकली, बूट भिंतीशी नीट ठेवले आणि आत गेली.

थोड्या वेळाने लवंगी बाहेर आली. बुटांपाशी उकिडवी बसली. मग ताडकन उठली, आणि तिने छाती भरून श्वास घेतला. तो श्वास आम्ही तिघंही ओळखतो. त्यानंतर काय येतं तेही.

"ओरडू नकोस!" मी ओरडले. दादा ओरडला. आयुष्यभर आमच्यावर ओरडणारे बाबा ओरडले. वारा उलटा फिरला होता, तिला ऐकू गेलं नाही. तिच्यामागे दार उघडत होतं.

मी वाकले, सुटलेली नाडी बुटातून ओढून काढली आणि भोंग्याच्या गळपट्ट्याला बांधली. गाठ दादाने मारली. बाबांनी त्याला पाण्यात ढकललं. म्हातारा कुत्रा बर्फाचा पापुद्रा फोडत, कण्हत, पलीकडे गेला. लवंगी ओरडून ओरडून थकली आणि आई लाल कोट घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा तो पायरीशी पोचला होता.

लवंगीने त्याच्या गळ्यातली नाडी सोडली. चिखलाने भरलेली होती ती. तिने ती हातात धरून तळ्यापलीकडे बघितलं, बराच वेळ. मग नाडी मुठीत लपवली, आजीकडे वळली आणि काहीतरी म्हणाली. काय ते ऐकू आलं नाही, पण दोनच शब्द होते, 'चुकलं माझं' हेच असणार. आईने कोट खाली घेतला. तिचा पापा घेतला. दोघी आत गेल्या आणि घराच्या खिडक्या एकेक करून लागल्या.

नऊ वर्षांच्या पोरीला ते दोन शब्द म्हणावे लागले, ह्याचा मला जो संताप आहे तो ह्या थंडीतही विझत नाही. पण वळताना तिच्या नाकाचा शेंडा लाल होता. मी बघितला. दादा म्हणतो, इतक्या लांबून दिसणं शक्यच नाही. त्यावरून आमचं भांडण अजून चालू आहे. बाबा म्हणतात, चालू ठेवा.